शीर सापडली, थोरियमचं काय करणार?

गेल्या अंकात अमेरिकेतल्या लेम्ही खिंडीची माहिती थोडक्यात दिली होती. आयडाहो आणि मोंटाना या दोन राज्यांच्या सीमेवर, सुमारे सव्वादोन हजार मीटर उंचीवरची ही खिंड. १९४९ मध्ये तिथल्या डोंगरउतारांवर थोरियम या किरणोत्सर्गी धातूच्या शिरा, म्हणजे खडकाच्या भेगांत भरलेले खनिजांचे पट्टे, सापडल्या. त्याच शिरांमध्ये दुर्मिळ मृदा मूलद्रव्यंही आहेत, म्हणजे लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची पंधरा, शिवाय स्कँडियम आणि यिट्रियम. त्यावर कोल्हापूर आणि आसपासच्या वाचकांची बरीच पत्रं आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : लेम्ही खिंडीत ६४,००० टन थोरियम ऑक्साइड असल्याचं लिहिलंत आणि त्याच लेखात साठा ‘छोटा’ म्हटलंत. एवढा माल असून इतक्या वर्षांत तिथे मोठी खाण का उभी राहिली नाही? — एक शिक्षक, शाहूपुरी

उत्तर : ६४,००० टन हा आकडा दहा मुख्य शिरांचा मिळून आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचा तो अंदाज. शिरेतल्या दगडात थोरियम ऑक्साइडचं प्रमाण सरासरी ०.४३ टक्के, म्हणजे हा माल जवळपास दीड कोटी टन दगडात वाटलेला आहे. तो दगडही एका जागी नाही. एक शीर या उतारावर, दुसरी पलीकडच्या घळीत. काही शिरा वीतभर रुंद, काही कित्येक मीटर. ‘लास्ट चान्स’ नावाची सर्वांत मोठी शीर सव्वा किलोमीटरहून लांब आहे, बाकीच्या तिच्यापुढे किरकोळ. प्रत्येक शिरेला वेगळा रस्ता, वेगळा खंदक आणि हिवाळाभर बर्फ. म्हणून एकेक शीर धरली तर साठा छोटाच.

दुर्मिळ मृदा ऑक्साइडांचं प्रमाणही त्या शिरांत थोरियमच्या जवळपासच आहे. अडचण नेमकी हीच. कॅलिफोर्नियातल्या माउंटन पासचा साठाही १९४९ मध्येच सापडला. युरेनियम शोधायला निघालेल्यांच्या हातातल्या गायगर काउंटर या किरणोत्सर्ग मोजणाऱ्या उपकरणामुळे तो लक्षात आला. तिथल्या दगडात बॅस्टनेसाइट या खनिजाच्या रूपात दुर्मिळ मृदा ऑक्साइडं सात-आठ टक्के आहेत, सगळं एका सलग खडकात आहे आणि थोरियम अगदी थोडं. दुर्मिळ मृदेचं गिऱ्हाईक साहजिकच तिकडे गेलं.

राहिलं थोरियम. त्याला एके काळी चांगला बाजार होता. यात्रेत आणि लग्नाच्या वरातीत डोक्यावर मिरवायच्या त्या गॅसबत्तीची जाळी आठवा. थोरियम नायट्रेट आणि थोडं सीरियम नायट्रेट यांच्या द्रावणात बुडवून वाळवलेलं ते कापड. पहिल्यांदा पेटवलं की धागा जळून जातो आणि ऑक्साइडचा नाजूक सांगाडा उरतो, तोच पांढराशुभ्र उजेड देतो. ९९ भाग थोरियम आणि १ भाग सीरियम हे प्रमाण ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८९१ मध्ये बसवलं. विजेचे दिवे आले आणि हा बाजार गेला. अणुभट्टीत थोरियम थेट जळत नाही. न्यूट्रॉन शोषून आधी त्याचं युरेनियम-२३३ व्हावं लागतं, त्यामुळे तिकडूनही मागणी उभी राहिली नाही. शेवटी अमेरिकन सरकारने स्वतःच्या राखीव साठ्यातलं सुमारे ३,२०० टन थोरियम नायट्रेट २००४-०५ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात नेऊन पुरलं. शुद्ध करून पिंपात भरलेला माल जिथे पुरावा लागतो, तिथे डोंगरातला कच्चा माल काढायला कोण पुढे येणार?

प्रश्न : अशी शीर प्रत्यक्षात दिसते कशी? — महाविद्यालयीन विद्यार्थिनी, गडहिंग्लज

उत्तर : खंदकात उभं राहिलं की आधी रंग डोळ्यात भरतो. आजूबाजूचा क्वार्टझाइट, म्हणजे वालुकाश्मापासून बनलेला कठीण खडक, फिकट करडा-हिरवट आणि मध्येच तांबूस-तपकिरी पट्टा, विटेचा चुरा ओतल्यासारखा. तुकडा फोडला की आत पांढरी गारगोटी, तिच्यात चांदीसारखे चमकणारे हेमॅटाइट या लोहखनिजाचे पापुद्रे आणि सगळ्यावर लोखंडाचा गंज. थोराइट म्हणजे थोरियमचं सिलिकेट. ते या गंजात बारीक दाण्यांच्या रूपात बसलेलं असतं, ताज्या फुटीवर राळेसारखी झाक दिसते. स्वतःच्याच किरणोत्सर्गाने त्याच्या स्फटिकाची आतली रचना मोडलेली असते, त्यामुळे कडा धारदार नसतात. मोनाझाइट म्हणजे दुर्मिळ मृदांचं फॉस्फेट, ते मधाळ पिवळं ते तांबूस. निओडिमियम, लँथॅनम वगैरे मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. ती या खनिजांच्या आत मुरलेली असतात. म्हणून ‘दुर्मिळ मृदेचा दगड दाखवा’ म्हटलं तर दाखवायला वेगळं काही नसतं.

प्रश्न : आमच्या पॉलिटेक्निकमध्ये गायगर काउंटर आहे. पन्हाळ्याच्या वाटेवर एका जागी आकडा जवळपास दुप्पट आला. तिथे थोरियम असू शकेल का? — एक विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : तुम्ही किती वेळ मोजलंत हे लिहिलेलं नाही, आणि सगळं तिथेच ठरतं. किरणांची मोजणी पावसाच्या थेंबांसारखी असते, कधी दाट कधी विरळ. जेवढे ठोके मोजाल त्याच्या वर्गमुळाएवढी चूक धरायची. छोट्या काउंटरवर मिनिटाला २० ठोके येत असतील तर १ मिनिटाच्या मोजणीत सुमारे साडेचारची चूक आपोआप आली. म्हणजे एका मिनिटाला १३ आणि पुढच्याला २८ आले तरी दगड तोच असू शकतो. तिथेच २० मिनिटं मोजा. ४०० ठोके आले तर चूक २०, म्हणजे ५ टक्के. असं दोन जागी मोजून फरक राहिला तरच पुढे जायचं.

पुढचं कारण पावसाचं. हवेतल्या रेडॉनपासून तयार झालेले कण पावसाबरोबर जमिनीवर उतरतात आणि तासभर आकडा चढलेला राहतो. त्यांचं अर्धायुष्य २०-२७ मिनिटांचं असल्यामुळे तीनेक तासांत तो ओसरतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर अशी मोजणी करणं वेळ घालवण्यासारखं आहे. उलट जमीन चिंब भिजलेली असेल तर पाणी खालून येणारी किरणं अडवतं आणि आकडा खरोखरीपेक्षा कमी येतो.

तिसरं कारण जागेच्या आकाराचं, आणि पन्हाळ्याच्या वाटेला ते नक्की लागू पडेल. सपाट मैदानात उपकरणाला फक्त खालून किरणं येतात. रस्त्यासाठी कापलेल्या दरडीजवळ उभे राहिलात तर खालून आणि बाजूनेही येतात. दगडात काहीही जास्त नसताना आकडा दीडपट होऊ शकतो. म्हणून मोजणी नेहमी सपाट जागी, दरडीपासून तीन-चार मीटर लांब आणि दर वेळी जमिनीपासून सारख्याच उंचीवर करायची.

शिवाय गायगर काउंटर फक्त ‘काहीतरी आहे’ एवढंच सांगतो, काय आहे ते नाही. घरी एक प्रयोग करा. म्युरेट ऑफ पोटॅशचं ५० किलोचं पोतं उसासाठी आणलेलंच असतं. त्याला काउंटर टेकवा, ठोके वाढतील. नैसर्गिक पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० हा किरणोत्सर्गी भाग असतो, दर ग्रॅमला सेकंदाला सुमारे ३१ विघटनं. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावरही आकडा चढेल, कारण ग्रॅनाइटमध्ये पोटॅशियम, युरेनियम आणि थोरियम तिन्ही आपल्या काळ्या पाषाणापेक्षा बरंच जास्त असतं.

कुठलं मूलद्रव्य आहे हे कळायला गॅमा स्पेक्ट्रोमीटर लागतो. त्यात सोडियम आयोडाइडचा स्फटिक असतो आणि तो किरणांची ऊर्जा वेगवेगळी मोजतो. पोटॅशियमची खूण १.४६ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्टला, युरेनियमच्या साखळीची (म्हणजे ते टप्प्याटप्प्याने विघटित होताना तयार होणाऱ्या मूलद्रव्यांची) १.७६ ला आणि थोरियमच्या साखळीची २.६१ ला. शेवटची खूण खुद्द थोरियमची नसते, साखळीच्या शेवटाकडच्या थॅलियम-२०८ ची असते. पण थोरियम जमिनीत कोट्यवधी वर्षं पडून असल्याने साखळी समतोलात आलेली असते, म्हणून हा हिशोब चालतो. ज्या शिरेत ही तिसरी खूण वर येते तिथेच खंदक घ्यायचा.

प्रश्न : आमच्या बांधावर तांबूस-काळे जड दगड निघतात. पंचगंगेच्या काठीही काळी जड वाळू दिसते. यात दुर्मिळ मृदा असेल का? — शेतकरी, भुदरगड तालुका

उत्तर : असण्याची शक्यता फार कमी. कोल्हापूरचा बहुतेक भाग दख्खनच्या लाव्ह्याचा, म्हणजे बेसॉल्टचा. या काळ्या कातळात थोरियम दर दहा लाख भागांत साधारण एक ते तीन भाग असतं. ग्रॅनाइटमध्ये पंधरा-वीस. बेसॉल्ट पृथ्वीच्या आवरणातून वितळून वर येतो. थोरियम आणि दुर्मिळ मृदा जिथे गोळा होतात ते अल्कधर्मी शिलारस आणि त्यातून सुटणारं गरम पाणी, आणि आपल्याकडच्या लाव्ह्यात ती गोष्ट घडलेली नाही. दख्खनच्याच काळात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, गुजरातच्या छोटाउदेपूर भागात अंबाडोंगरला असा कार्बोनेटाइट, म्हणजे कार्बोनेट खनिजांचा शिलारसापासून झालेला खडक, तयार झाला आणि तिथे दुर्मिळ मृदाही आहेत. पण ते नर्मदेच्या खचदरीतलं काम. इकडचे थर सपाट पसरलेले.

आजरा, चंदगड भागात काही ठिकाणी बेसॉल्टखालून कलादगीचा जुना क्वार्टझाइट डोकावतो. लेम्ही खिंडीतही शिरा क्वार्टझाइटमध्येच आहेत आणि वयाच्या हिशोबाने दोन्ही खडक मध्य-प्रोटेरोझोइक काळातले. हे वाचून कुणी हुरळून जाऊ नये. क्वार्टझाइट हा फक्त डबा, त्यात माल भरणारा शिलारस खालून यावा लागतो. लाल शीर, जड खनिज आणि थोरियमची खूण या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्याशिवाय पुढचा खर्च करण्यात अर्थ नाही.

तुमचा तांबूस दगड बहुधा जांभ्यातला लोखंडाचा भाग असेल. खात्री घरीच करता येते. दगड रात्रभर पाण्यात ठेवा, म्हणजे भोकांतली हवा निघून जाईल. मग तो सुतळीने ताणकाट्याला टांगून आधी हवेत आणि मग बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवून तोला, तळाला टेकू देऊ नका. हवेतल्या वजनाला दोन वजनांच्या फरकाने भागलं की घनता मिळते. हवेत ८७० ग्रॅम आणि पाण्यात ५७० आले तर फरक ३००, घनता २.९, म्हणजे साधा बेसॉल्ट. हेमॅटाइटची घनता पाचच्या वर जाते. मोनाझाइटचीही पाचच्या आसपास, पण त्याचा मुठीएवढा दगड सहसा मिळत नाही, दाणे मिळतात. नंतर दगड फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासा. रेघ लाल आली तर हेमॅटाइट, पिवळसर तपकिरी आली तर लोखंडाचा गंज, काळी आली तर मॅग्नेटाइट.

नदीकाठची काळी वाळू म्हणजे बेसॉल्ट झिजून निघालेलं मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट. जुन्या स्पीकरचं चुंबक कागदात गुंडाळून वाळूवरून फिरवा, मॅग्नेटाइट लगेच चिकटेल. केरळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत मोनाझाइट असतं ते तिथल्या डोंगरांतल्या ग्रॅनाइट आणि नाइस जातीच्या खडकांमुळे. नदी डोंगरात असेल तेवढंच खाली आणते.

प्रश्न : समजा एखादी शीर सापडलीच, तर तिची किंमत काढायची कशी? आकडेमोड दाखवावी. — एक लेखापाल, राजारामपुरी

उत्तर : दाखवतो. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. शीर ३०० मीटर लांब, २ मीटर रुंद आणि ६० मीटर खोलीपर्यंत तपासलेली. घनता २.९. चारही आकड्यांचा गुणाकार केला की १,०४,४०० टन दगड. दुर्मिळ मृदा ऑक्साइडं ०.५ टक्के धरली तर ५२२ टन. थोरियम ऑक्साइड ०.४ टक्के धरलं तर सुमारे ४१८ टन.

आता वजावट. दोन मीटरची शीर सुरुंगाने काढताना दोन्ही बाजूंचा ३० सेंटिमीटर दगड येतोच. २ च्या जागी २.६ मीटर दळावं लागलं आणि प्रमाण ०.५ वरून ०.३८ वर आलं. मूळ माल तेवढाच, पण दळणाचा आणि रसायनांचा खर्च तीस टक्क्यांनी वाढला. पुढे खनिजाची सांद्रता वाढवताना आणि विरघळवताना गळती होते. हातात ६० टक्के आलं तर ३१३ टन. त्यात सगळ्याला सारखा भाव नसतो. सीरियम आणि लँथॅनम बाजारात भरपूर आणि स्वस्त, पैसा चुंबकाच्या निओडिमियम-प्रॅसिओडिमियममध्ये. ते २० टक्के धरले तर ६३ टन ऑक्साइड, म्हणजे सुमारे ५४ टन धातू. चुंबकात हे धातू तीसेक टक्के असतात, तर १८० टनांच्या आसपास चुंबक. एका विजेच्या मोटारगाडीला दीड किलो धरलं तर एक लाख वीस हजार गाड्या.

आकडा कानाला बरा वाटतो. पण यासाठी १,३५,००० टन दगड फोडला आणि बाजूला ४१८ टन थोरियम ऑक्साइड उरलं, त्याला गिऱ्हाईक नाही. हिशोबाच्या वहीत थोरियम जमेच्या बाजूला लिहिणारे प्रवर्तक असतात. त्याची जागा खर्चाच्या बाजूला आहे. अहवाल हातात आला की हा एक रकाना आधी बघा.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे नमुना. सगळ्यात लाल, सगळ्यात जड तुकडा उचलून प्रयोगशाळेला पाठवला तर ३ टक्केही येतील आणि त्याचा उपयोग शून्य. शिरेला काटकोनात, एका भिंतीपासून दुसरीपर्यंत, १० सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर खोल चर छिन्नीने काढायचा आणि त्यातला सगळा चुरा ताडपत्रीवर गोळा करायचा. दर मीटरची वेगळी पिशवी. २ मिलिमीटरपर्यंत चुरून, विभाजकाने निम्मा-निम्मा करत, शेवटचा भाग ७५ मायक्रॉनपर्यंत दळायचा. दर वीस नमुन्यांत एक कोरा (ज्यात ही मूलद्रव्यं जवळपास नाहीत असा), एक पुन्हा तोच आणि एक प्रमाणित नमुना घालायचा, म्हणजे प्रयोगशाळेची चूक पकडता येते.

प्रयोगशाळेत तिसरा घोटाळा होतो. मोनाझाइट, झेनोटाइम आणि झिरकॉन ही खनिजं नेहमीच्या आम्लांत पुरती विरघळत नाहीत. नुसत्या आम्लराजात उकळून काढलेला आकडा कमी येतो. दगड लिथियम बोरेट किंवा सोडियम पेरॉक्साइडबरोबर वितळवून मगच मोजावा लागतो. अहवालात आकडे मूलद्रव्याचे आहेत की ऑक्साइडचे हेही पाहा. निओडिमियमला १.१६६ ने आणि यिट्रियमला १.२७ ने गुणलं की ऑक्साइड मिळतं. एका रकान्यात मूलद्रव्य आणि दुसऱ्यात ऑक्साइड, अशी बेरीज केलेले कागद आढळतात.

प्रश्न : हे थोरियम नेमकं कुठल्या टप्प्यावर वेगळं होतं आणि नंतर कुठे जातं? — रसायनशास्त्राचे अध्यापक, कागल

उत्तर : आपल्याकडचं उदाहरण केरळात अलुवा इथलं. तिथला दुर्मिळ मृदा कारखाना १९५२ पासूनचा, आता आयआरईएल या सरकारी कंपनीचा. किनाऱ्याच्या वाळूतून वेगळं काढलेलं मोनाझाइट तिथे बारीक दळून तीव्र कॉस्टिक सोड्यात १४० अंशांच्या आसपास काही तास शिजवत असत. फॉस्फेटचा भाग ट्रायसोडियम फॉस्फेट म्हणून पाण्यात जातो आणि त्याची विक्री होत असे. मागे दुर्मिळ मृदा आणि थोरियम यांच्या हायड्रॉक्साइडचा लगदा राहतो. त्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल बेताने घालायचं. सामू साडेतीनच्या आसपास ठेवला तर दुर्मिळ मृदा विरघळतात आणि थोरियम लगद्यातच राहतं. सगळं कसब या सामूत आहे. आम्ल जास्त झालं तर थोरियम सुटून द्रावणात येतं आणि पुढचा सगळा माल किरणोत्सर्गी होतो. कमी पडलं तर दुर्मिळ मृदा लगद्यात अडकून वाया जातात.

एवढ्यावर भागत नाही. थोरियमच्या साखळीतलं रेडियम-२२८ द्रावणात निसटतं. ते बेरियम सल्फेटबरोबर खाली बसवावं लागतं आणि शिसं सल्फाइड म्हणून काढावं लागतं. ही गाळ-पेंड वजनाने थोडी, पण किरणोत्सर्गात थोरियमच्या पिंपापेक्षा तेज असू शकते. वेगळं केलेलं थोरियम सुरुवातीला शांत होत जातं आणि नंतर पुन्हा चढतं, कारण त्याच्यातून रेडियम-२२८ (अर्धायुष्य ५.७५ वर्षं) नव्याने तयार होत राहतं. पहिल्या वर्षीच्या मोजणीवर कोठाराची भिंत ठरवली तर ती पुढे अपुरी पडते.

त्यानंतर दुर्मिळ मृदा एकमेकींपासून सोडवायच्या. निओडिमियम आणि प्रॅसिओडिमियम रासायनिक स्वभावाने जुळ्या भावंडांसारखी, एका टप्प्यात जेमतेम फरक पडतो. म्हणून तेल आणि पाणी घुसळणाऱ्या टाक्यांची शेकड्यांची रांग लागते. लेम्हीसारख्या एका छोट्या शिरेने असा कारखाना पोसणं अशक्य. शीर छोटी असेल तर तिथे फार तर दगडाचं सांद्रण होऊ शकतं, ते मोठ्या कारखान्याला विकायचं. आणि सांद्रणाबरोबर थोरियमही ट्रकमध्ये चढतं, त्या कारखान्याने ते घ्यायचं कबूल केलं तरच.

प्रश्न : अशा खाणीत काम करणाऱ्यांना धोका कशाचा? — कामगार संघटनेचे कार्यकर्ते, शिरोली

उत्तर : पहिला धोका थोरियमचा नाही, गारगोटीच्या धुळीचा. शीर गारगोटीची असते आणि कोरड्या ड्रिलने निघणारी तिची धूळ फुप्फुसात कायमची बसते. सिलिकोसिस यायला किरणोत्सर्ग लागत नाही. थोरियमची धूळ त्याच श्वासाबरोबर जाते, म्हणून उपायही एकच : पाणी घालून ड्रिल, क्रशरवर फवारा आणि झाकण, चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटा. कपड्याचा रुमाल चालत नाही. कामाच्या जागी जेवण, चहा, तंबाखू पूर्ण बंद, कारण मळलेल्या हातांनी तंबाखू चोळली की थोरियम थेट पोटात जातं.

थोरियमपासून सुटणारा वायू थोरॉन. त्याचं अर्धायुष्य ५५.६ सेकंद, त्यामुळे तो दगडापासून फार लांब जात नाही. पण बंद बोगद्यात भिंतीला टेकून बसणाऱ्याला पुरेसा त्रासदायक, आणि त्याच्यापासून होणारं शिसं-२१२ साडेदहा तासांच्या अर्धायुष्याचं, ते हवेत धुळीला चिकटून राहतं. वायुवीजन शिफ्ट सुरू होण्याआधी चालू करायचं, माणसं आत गेल्यावर नाही. आपल्याकडे किरणोत्सर्गी कामातल्या माणसाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य नागरिकांसाठी वर्षाला १. संघटनेने मालकाकडे प्रत्येकाच्या डोसमीटरची नोंद लेखी मागावी. बॅज लॉकरमध्ये टांगून ठेवला तर नोंद लॉकरची होते.

प्रश्न : मोनाझाइट सापडलं तर मालकी माझी का? — एक वाचक, शाहूवाडी

उत्तर : नाही. युरेनियम आणि थोरियमची खनिजं अणुऊर्जेच्या कायद्याच्या नियंत्रणाखाली येतात. खासगीत उकरून विकता येत नाहीत. संशय असेल तर जागेची नोंद करा आणि अणुखनिज संचालनालयाला कळवा. त्याचं मुख्यालय हैदराबादला आहे, विभागीय कार्यालय नागपूरलाही आहे.

प्रश्न : आमच्या फाउंड्रीत एसजी आयर्नसाठी (ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते ओतीव लोखंड) येणाऱ्या फेरोसिलिकॉन-मॅग्नेशियममध्ये ‘आरई’ लिहिलेलं असतं. त्यात थोरियम असतं का? — फाउंड्रीचालक, गोकुळ शिरगाव

उत्तर : ते आरई म्हणजे ‘रेअर अर्थ’, दुर्मिळ मृदा; बहुतेक सीरियम आणि लँथॅनम, साधारण अर्धा ते एक टक्का. थोरियम वर सांगितलेल्या टप्प्यावरच काढलेलं असतं, त्याची काळजी नको.

काळजी वेगळी आहे. आरई दोन कामं करतं. भंगारातून आलेलं शिसं, टायटॅनियम, बिस्मथ ग्रॅफाइटचे गोळे बिघडवतात, त्यांना ते बांधून टाकतं. आणि मॅग्नेशियमची प्रक्रिया जरा शांत होते. म्हणून भंगार मिश्र असेल तर आरई हवंच. पण जाड कास्टिंगमध्ये, ६०-७० मिलिमीटरच्या वरच्या भिंतीत, तेच आरई जास्त झालं तर मधोमध ग्रॅफाइटचे तुटक पुंजके येतात, कापल्यावर गाभा काळपट दिसतो आणि लांबण, म्हणजे तुटण्याआधी ताणलं जाण्याची क्षमता, कोसळते. अशा कामाला कमी आरईचं मिश्रण घ्या, चार्ज स्वच्छ ठेवा आणि गरज पडली तर अँटिमनी अगदी किंचित. उरलेलं मॅग्नेशियम ०.०३५ ते ०.०५० टक्के ठेवायचं आणि प्रक्रियेनंतर आठ-दहा मिनिटांत ओतून संपवायचं. लॅडल क्रेनला अडकून राहिलं तर मॅग्नेशियम उडून जातं, मग दोष पुरवठादाराच्या मालावर ढकलून उपयोग नाही.

प्रश्न : दूधधंद्याच्या स्टेनलेस टाक्यांचं टिग वेल्डिंग आम्ही लाल टोकाच्या टंगस्टन काडीने करतो. तीत थोरियम असतं म्हणे. बंद करावी का? — वर्कशॉपमालक, उद्यमनगर

उत्तर : हो, बदला. लाल टोक म्हणजे दोन टक्के थोरियम ऑक्साइड. २.४ मिलिमीटर जाडीच्या १५० मिलिमीटर काडीत ते सुमारे पाव ग्रॅम असतं. काडी पेटीत पडून असताना किंवा वेल्डिंग करतानाही धोका नगण्य. धोका ती ग्राइंडरवर टोकदार करताना, कारण त्या वेळी थोरियमची धूळ नाकासमोर उडते.

निळ्या टोकाची काडी घ्या, तीत दोन टक्के लँथॅनम ऑक्साइड असतं. आर्क तितकाच सहज लागतो, करंटची मर्यादाही जवळपास तीच आणि किरणोत्सर्ग नाही. करड्या टोकाची सीरियमची काडी कमी करंटच्या पातळ पत्र्याला चांगली.

शिल्लक लाल काड्या संपवायच्याच असतील तर त्यांच्यासाठी एक वेगळं बारीक डायमंड व्हील ठेवा, शेजारी धूळ ओढणारा पंखा लावा आणि मुखवटा घाला. काडी चाकावर लांबीच्या दिशेने धरा, आडवी नाही, म्हणजे ओरखडे टोकाकडे जातात आणि आर्क भरकटत नाही. टोकाची लांबी काडीच्या जाडीच्या दोन ते अडीच पट. काम झाल्यावर टेबल कॉम्प्रेसरच्या हवेने अजिबात उडवू नका. वर्कशॉपमधली ही सवय इथे सगळ्यात घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा, फडकं आणि काड्यांचे तुकडे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, डब्यावर ‘थोरियम’ असं ठळक लिहा आणि तो टंगस्टनच्या भंगारात मिसळू देऊ नका.